प्रश्न नववा: शेजाऱ्याला सुचवाल का?

किस्से गोळा करायला कुणी मुद्दाम जात नाही. किनाऱ्यावरच्या घरांतून फिरून आलं की चपलेत वाळू येते, तसे ते नकळत बरोबर येतात. माझ्याकडे गेल्या दीड वर्षात असे इतके साठलेत, की आता कुणाला तरी सांगायलाच हवेत. आणि हे किस्से कुठले, तर जिथे माणसं शेवटचे दिवस काढायला येतात तिथले! दचकू नका. मीही आधी दचकलेच होते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं काढली. शेवटी केंद्रप्रमुख होते, म्हणजे आसपासच्या शाळा तपासायच्या. ‘दातारबाई येतायत’ अशी कुणकुण लागली की हेडमास्तर पाण्याची टाकी घासायला घ्यायचे. लाल पेन कायम पर्समध्ये. पैकीच्या पैकी मार्क मी जन्मात कुणाला दिले नाहीत.

माझी थोरली बहीण माई म्हसळ्याला असायची. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि माई पंधराची. मला वाढवलं तिनेच. वेण्या घालणं, पाढे पाठ करून घेणं, धपाटे घालणं, सगळं तिच्याच हातचं. तिला कॅन्सर निघाला, मुंबईच्या फेऱ्या झाल्या आणि एक दिवस डॉक्टरांनी सांगितलं, आता उपचार नकोत, त्रास होऊ नये एवढंच बघा.

तिचा मुलगा पुण्याला न्यायला तयार होता. माईला पुणं नको. थळच्या पुढे माझं घर आहे, वाडीकडची मोठी खोली मोकळीच होती. शिवाय आमच्या तालुक्यात अशाच पेशंटांचं एक छोटं केंद्र आहे. तिथे सहा खाटा, आणि जे घरीच राहतात त्यांच्याकडे जायला एक गाडी. मी माईला म्हटलं, “माझ्याकडे ये, हे लोक घरी येऊन बघतात.”

“तू आधी तपासून ये,” माई फोनवर म्हणाली. “तू आयुष्यात कुणाला धड पास केलं नाहीस. तू पास केलंस तर मी येते!”

झालं. पर्समध्ये लाल पेन टाकलं आणि निघाले.

*

शाळेत गेलं की मी आधी संडास बघायचे, मग पाण्याची टाकी आणि शेवटी फळा. ज्या शाळेचा संडास स्वच्छ, तिथली पोरं वाचतात, हा माझा अनुभव. केंद्रातही तेच केलं. तिथल्या मुख्य डॉक्टर रेणुका मला हॉल दाखवायला पुढे निघाल्या आणि मी मागच्या मागे संडासात!

स्वच्छ होता. धरायला भिंतीला दांडी होती. हलवून पाहिली, हलली नाही. वहीत नोंद केली.

मग हॉलमध्ये गेले. खाटांखाली वाकून पाहिलं, चादरीचा वास घेतला. एक खाट रिकामी होती तिची गादी दोन्ही हातांनी दाबून पाहिली. कोपऱ्यातल्या खाटेवर उरणकडचे एक आगरी काका होते. जन्मभर मिठागरात राबलेले, आता मुलगे न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतात. ते मघापासून माझ्याकडे टक लावून बघत होते. शेवटी त्यांनी नर्सला हाक मारली.

“पर्मिला! या बाय कवा येतान ऱ्हायाला?”

“काका, त्या पेशंट नाहीत. तपासायला आल्यात!”

काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आसं व्हय! मना वाटला गादी पसंत करतान. मीपन पयल्या दिशी आशीच दाबून बगलेली!”

सगळा हॉल हसला. मला काही तेव्हा हसू आलं नाही.

*

“बाई, एका दिवसात काय दिसणार?” डॉक्टर रेणुका म्हणाल्या. “महिनाभर आमच्या गाडीतून फिरा. आणि एक काम करा, घरच्या लोकांकडून आमचे फॉर्म भरून आणा. आम्ही विचारलं की कुणी खरं सांगत नाही.”

फॉर्म मुंबईच्या हेड ऑफिसचा. दहा प्रश्न, त्यातले आठ पाच-पाच मार्कांचे. सेवेचा दर्जा त्यावरून ठरणार! गाडीत आम्ही तिघं असायचो. नर्स प्रमिला, थळच्या कोळीवाड्यातली, आवाज असा की दोन बोटी पलीकडे ऐकू जावा. ड्रायव्हर रफिकभाई, हे मूळचे माझ्या माईच्या म्हसळ्याकडचेच, आवाज इतका हळू की शेजारी बसूनही दोनदा विचारावं लागे. आणि मी.

पहिल्याच घरी फॉर्म दिला. सुनेने दोन मिनिटांत भरून परत आणला. सगळीकडे पाचपैकी पाच! मी चष्मा लावून बघते तर चौथा प्रश्न, ‘जेवणाचा दर्जा कसा आहे?’ हा प्रश्न केंद्रात राहणाऱ्यांसाठी. घरी असलेल्या पेशंटला केंद्र जेवण देतच नाही.

“अहो, इथेही पाच? जेवण तर तुम्हीच करता ना?”

“मग?” सून म्हणाली. “वाईट म्हणू की काय?”

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. लोकांना वाटायचं, मार्क कमी दिले की प्रमिलाची नोकरी जाणार. अशा फॉर्मवर मी काय पास-नापास करणार, कपाळ! मग मी माझी एक परीक्षा काढली. गाडी थांबली की आधी घरातलं कुत्रं काय करतं ते बघायचं. कुत्र्याला कुणाच्या नोकरीची काळजी नसते.

सात घरी कुत्री होती. सातही कुत्री प्रमिलाला बघून शेपटी हलवत आली, आणि सातही माझ्यावर भुंकली!

*

गाडीचा एक वेगळाच घोळ. तिच्यावर केंद्राचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं. ती दारात उभी राहिली की गल्लीला कळतं, या घरात काय चाललंय. त्यामुळे निम्मे लोक आधीच फोन करून सांगायचे, “गाडी जरा लांब लावा हां!”

रफिकभाईंनी यावर उपाय काढला. नावावर मोठा टॉवेल वाळत टाकायचा आणि कुणी विचारलं तर सांगायचं, टीव्हीची डिश बसवायला आलोय. रफिकभाईंना खोटं बोलायची सवय नाही. एवढं एक वाक्य बोलतानाही कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

एका गावात तेच सांगितलं, तर पलीकडच्या घरातली म्हातारी हात धरूनच घेऊन गेली. “बरा झाला आलास बाबा! चार दिस मालिका दिसत नाय!”

आता काय करणार? रफिकभाई चढले छपरावर. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून डिश फिरवली आणि अर्ध्या तासात चित्र आलं! पुढच्या फेरीला आणखी दोन घरं वाट बघत उभी. हळूहळू माणूस तयार झाला. सीटखाली पाना, वायर, टेप सगळं ठेवायला लागले.

“मी म्हटलं, झूट तरी कशाला राहू दे,” ते मला म्हणाले. “डिश बसवली की बात खरी झाली!”

महिन्याअखेरीला त्याच गावातून एक फॉर्म आला. शेवटचा प्रश्न होता, ‘आमच्या सेवेबद्दल आणखी काही सांगायचे आहे का?’ खाली सुवाच्य अक्षरात उत्तर होतं, ‘डिश उत्तम चालते.’

*

थळच्या कोळीवाड्यात एक तांडेल होते, म्हणजे बोटीचे प्रमुख. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस आता खाटेवर. त्यांची बायको जनाबाय, तोंडाने फटकळ. प्रमिला दर वेळी विचारायची, “काका, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?” सगळीकडे असंच विचारतात म्हणे, त्यावर औषधाचं प्रमाण ठरतं.

“धा काय?” तांडेल विचारायचे.

“दहा म्हणजे खूप.”

“खूप मंजे कवरा?”

असं दोन आठवडे चाललं. ते कधी चार म्हणायचे, कधी पन्नास. एकदा चिडून म्हणाले, “पोरी, नुसता आकडा काय सांगू? पानी किती हाय म्हनून इचार ना!”

प्रमिला कोळ्याचीच लेक. तिने लगेच विचारलं, “बरं, किती वाव?”

वाव म्हणजे दोन हात पसरल्यावर जेवढं अंतर होतं तेवढं. समुद्राची खोली आपल्याकडे वावातच मोजतात.

तांडेलांनी डोळे मिटले. मग म्हणाले, “आठ वाव. नांगर लागत न्हाय.”

प्रमिलाने रजिस्टरमध्ये तसंच लिहिलं, ‘८ वाव, नांगर लागत नाही.’ मला वाटलं, डॉक्टर आता हिला झापणार. डॉक्टर रेणुकांनी ते वाचलं, औषध वाढवलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून विचारलं, “काका, आज किती वाव?”

“कमरंएवरा,” तांडेल म्हणाले. “पाय टेकतान!”

मी वहीत लाल पेनाने बरोबरची खूण केली. मग आठवलं, रोज रात्री आठला माईचा फोन येतो आणि एकच प्रश्न असतो, “काय गं, पास की नापास?”

त्या रात्री मी म्हटलं, “बघतेय अजून.”

*

आता नववा प्रश्न. ‘आपल्या नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना ही सेवा सुचवाल का? होय / नाही.’

तांडेल गेले. शांतपणे गेले, पाय टेकलेलेच होते. तेराव्यानंतर प्रमिला आणि मी जनाबायकडे गेलो. तिला लिहिता येत नाही, म्हणून मी वाचायचं आणि तिने सांगायचं. सगळं पाच-पाच चाललं होतं. नववा प्रश्न वाचला, तशी ती ताडकन उठून उभी राहिली.

“काय बोलतंस बाय? शेजाऱ्याला सुचवू? कुनाचा मरान चितू मी?”

“तसं नाही हो. सेवा चांगली वाटली का, एवढंच.”

“सेवा चांगली हाय! पर्मिला माजी पोर हाय! पन सुचवू कशी? वैऱ्यालापन न्हाय सुचवनार! ती हिरी हाय ना शेजारला, तिलापन न्हाय!”

हिराबाय म्हणजे शेजारीण. बोंबील वाळत घालायला अंगणात बांबू रोवतात, त्या बांबूंच्या जागेवरून दोघींचं भांडण. बारा वर्षं एकमेकींशी बोलणं नाही. दोघींच्या दारांत दहा पावलांचं अंतर, पण जनाबाय विहिरीवर जायची ती उलट्या बाजूने वळसा घालून.

मी फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं. आणि मग मागचे फॉर्म काढून बघितले, तर काय! प्रत्येक घरी तेच. एकाने लिहिलं होतं, ‘देव न करो.’ एकाने नुसतीच फुली मारून पुढे नमस्काराचे हात काढलेले!

हे सगळे फॉर्म मुंबईला गेले. आठवड्याने हेड ऑफिसहून एका तरुण मुलाचा फोन आला. आवाज काळजीने भरलेला. “मॅडम, तुमच्या सेंटरला बाकी सगळ्या प्रश्नांना फुल मार्क आहेत. पण रेकमेंड करणारा एकही माणूस नाही. ग्राउंडवर काही सीरियस प्रॉब्लेम आहे का?”

डॉक्टर रेणुकांनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, “बाळ, तुझं लग्न झालंय का?”

“नाही मॅडम.”

“झालं की एकदा सासुरवाडीला जा आणि सासऱ्यांना आमची सेवा सुचवून बघ!”

*

सगळंच काही हसण्यासारखं नव्हतं. एक सांगतेच, नाहीतर मी तपासणी केली कसली?

आमच्याच गावात सुपारीच्या वाडीत पेंडसेकाका होते. एका रविवारी दुपारी त्यांची दुखण्यावरची गोळी संपली. काकींनी प्रमिलाला फोन लावला. प्रमिला भाचीच्या हळदीला गेलेली, डीजे दणदणत होता, फोन पर्समध्ये. दोनपासून सहापर्यंत काकींनी अकरा वेळा फोन केला. चार तास काका कळवळत होते.

सोमवारी काकींनी मला हे सांगितलं. चिडून नाही, अगदी शांतपणे सांगितलं. त्यामुळे मलाच जास्त लागलं. माझ्या डोळ्यांसमोर माई आली. उद्या माईच्या बाबतीत असं झालं तर?

सहावा प्रश्न, ‘गरज लागली तेव्हा संपर्क झाला का?’ मी लाल पेनाने भलंमोठं शून्य काढलं आणि गाडीत बसलेल्या प्रमिलाच्या हातात तो कागद दिला.

तिने वाचलं. रफिकभाईंनी गाडी सुरू केली होती, ती बंद केली. प्रमिला उतरली, परत घरात गेली, काकींसमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, “काकी, चूक माझी. कारण सांगत नाही.” एवढंच. मग काकांचे पाय दाबत तासभर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी केंद्रात गेले तर टेलिफोनच्या वर भिंतीला माझा तो कागद चिकटवलेला! त्याखाली तीन नंबर. पहिल्याने उचलला नाही तर दुसरा, दुसऱ्याने नाही तर तिसरा. आणि प्रत्येक घरी गोळ्या दोन दिवस जास्तीच्या ठेवायच्या, असा नियम.

डॉक्टर रेणुका हळूच म्हणाल्या, “अगं, पाहुणे येतात. निदान तो कागद तरी काढ.”

“राहू दे मॅडम,” प्रमिला म्हणाली. “दिसावा म्हणूनच लावलाय!”

चौतीस वर्षांत मी कितीतरी शून्यं दिली. पोरांनी पानं फाडली, आया भांडायला आल्या, एका हेडमास्तरांनी तर वरून चिठ्ठी आणली. शून्य भिंतीला लावणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं.

त्या रात्री आठला फोन. “काय गं, पास की नापास?”

माझ्या तोंडून आलं, “बघतेय अजून.”

माई म्हणाली, “कुशे, दोन महिने होत आले. तू त्यांना तपासत्येस की मला टाळत्येस?”

खरं सांगायचं तर तिने बरोबर पकडलं होतं. केंद्राला पास केलं की माई येणार. आणि माई आली, की ती कशासाठी आली हे मला रोज उठून बघावं लागणार. माझं लाल पेन एवढ्यासाठीच अडून बसलं होतं. फोन ठेवला आणि खूप रडले.

*

त्यानंतर चार दिवसांनी आम्ही थळवरून चाललो होतो. कोळीवाड्यात आता आमचा पेशंट नव्हता, म्हणून रफिकभाई सरळच निघाले. तर रस्त्याच्या मधोमध जनाबाय हात आडवा करून उभी!

गाडी थांबली. जनाबाय खिडकीशी आली. इकडे तिकडे बघितलं आणि हिराबायच्या दाराकडे बोट केलं.

“त्या घरान जा.”

“का? काय झालं?” प्रमिलाने विचारलं.

“तिचा नवरा रातचा वरडतं. भिंतीतून आयकू येतं मना. आमच्या म्हाताऱ्यासारखाच वरडतं.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “मी सांगलंय म्हनू नको हां!” आणि गाडीच्या टॉवेल टाकलेल्या बाजूने वळसा घालून निघून गेली.

आम्ही हिराबायच्या घरी गेलो. नवरा खरंच तळमळत होता. मुंबईहून परत पाठवलेला, घरात नुसती तापाची गोळी. प्रमिलाने बघितलं, डॉक्टरांना फोन केला, औषध सुरू केलं. तासाभराने त्याचा डोळा लागला. तेव्हा कुठे हिराबायने आमच्याकडे नीट बघितलं.

“तुमाना कोनी पाठवला?”

“कुणी नाही,” प्रमिला म्हणाली. “चुकून आलो. घर चुकलं.”

हिराबाय आत गेली, कागदात बांधलेले सुके बोंबील घेऊन आली आणि प्रमिलाच्या हातात ठेवून म्हणाली, “ह्ये त्या चुकीला नेऊन दे. शेजारलाच ऱ्हाते.”

मी घरी आले. आठ वाजायची वाट बघितली नाही. चपला काढायच्या आधी फोन लावला.

“माई, पास.”

“किती मार्क?”

“ते नंतर सांगते. तू ये.”

*

नवव्या प्रश्नाला आमच्या केंद्राला आजवर एकच ‘होय’ मिळालंय. तेवढं सांगते आणि थांबते.

माईला आणायला रफिकभाईच म्हसळ्याला गेले. मागच्या सीटवर गादी घातली होती. मी पुढे बसले होते. तीन तासांच्या रस्त्यात प्रत्येक खड्ड्याआधी ते हळू आवाजात म्हणायचे, “माई, येतोय हां.” घरी पोचल्यावर माईने पहिला शेरा दिला, “ड्रायव्हर उत्तम. खड्डा आधी सांगतो.”

खाटेवर टेकायच्या आधी तिने दोन्ही हातांनी गादी दाबून बघितली. प्रमिला माझ्याकडे बघून तोंड दाबून हसायला लागली. या वेळी मलाही हसू आलं.

प्रमिलाने तिला शून्य ते दहा समजावलं. माई म्हणाली, “आकडे नकोत. ते कुसुमने फोनवर सांगितलं होतं तसं विचार.” जन्मात कधी बोटीत पाय ठेवला नाही, पण रोज सकाळी गंभीर चेहऱ्याने सांगायची, “आज दोन वाव. उद्या ओहोटी लागेल.” आणि खरंच, बहुतेक दिवस पाय टेकत होते. उन्हं उतरली की आम्ही वाडीकडची खिडकी उघडून बसायचो. ती मला साठ वर्षांपूर्वीचे पाढे विचारायची, एकोणतीसचा म्हणताना मी अजूनही चुकायचे आणि ती अजूनही धपाटा घालायची. हात हलका झाला होता, एवढंच.

दीड महिना झाला तेव्हा प्रमिलाने फॉर्म आणला. नेहमीप्रमाणे घरच्या माणसाला, म्हणजे मला दिला. मी चष्मा शोधत होते, तर खाटेवरून आवाज आला.

“तिला कशाला? मरतेय मी, आणि फॉर्म हिने भरायचा?”

प्रमिला गडबडली. “तसं नाही माई, नियम आहे तो...”

“आण इकडे. आणि कुशे, तुझं लाल पेन दे.”

उशा लावून बसवलं. माईने एकेक प्रश्न ओठ हलवत वाचला. संडासाची दांडी, औषधं, वागणूक. पाच, पाच, साडेचार. साडेचार का, तर प्रमिला मोठ्याने बोलते. चौथा प्रश्न आला, ‘जेवणाचा दर्जा.’ मी म्हटलं, “माई, तो सोड. जेवण मी करते.”

“माहीत आहे,” ती म्हणाली आणि पाचपैकी दोन दिले. पुढे लिहिलं, ‘आमटीत गूळ विसरते.’

नवव्या प्रश्नाशी पेन थांबलं. माईने तो दोनदा वाचला. मी आणि प्रमिलाने एकमेकींकडे बघितलं. आता ‘नाही’ येणार, हे आम्हाला पाठ होतं. माईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. लहानपणी वेणी घालून झाली की मला समोर उभी करून बघायची, तसं बराच वेळ पाहिलं. मग वाकून सावकाश लिहायला लागली. ‘होय’ किंवा ‘नाही’ला लागतो त्यापेक्षा पुष्कळच जास्त वेळ लागला.

फॉर्म प्रमिलाच्या हातात दिला आणि मला म्हणाली, “चहा टाक.”

प्रमिलाने वाचलं. तिचा तो दोन बोटींपलीकडे जाणारा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. तिने कागद माझ्यापुढे धरला.

नवव्या प्रश्नासमोर, माझ्याच लाल पेनाने, माईच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘होय. धाकटी बहीण कुसुम हिला. पण घाई नाही.’